पोलादाच्या पोटातील उष्णतेचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ जवळ आले की डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. पूर्वी 'इस्पात इंडस्ट्रीज'चा असलेला हा कारखाना पुढे 'जेएसडब्ल्यू स्टील'कडे आला. अशा कारखान्यातील पत्र्याचे भवितव्य रासायनिक घटकांइतकेच लाटण्याच्या तापमानावर अवलंबून असते.

पोलाद वरून एकसंध भासले, तरी ते असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. बळकटी वाढवण्याच्या बहुतेक उपायांनी चिवटपणा घटतो. कण बारीक केल्याने मात्र दोन्ही गुण वाढतात.

तापलेला स्लॅब रुळांमधून दाबला जाताना कण चपटे होतात आणि अणूंच्या मांडणीत 'स्थानभ्रंश' नावाचे दोष साचतात. उष्णता हे दोष दोन मार्गांनी निस्तरते. पहिला 'रिकव्हरी'चा, म्हणजे पूर्वस्थितीकडे परतण्याचा. यात काही दोष परस्परांना नाहीसे करतात, उरलेल्यांची फेरमांडणी होते. कण मात्र तेच राहतात. दुसरा पुनःस्फटिकीभवनाचा. यात जुन्या कणांच्या सीमांवर नवे, ताणमुक्त कण जन्मतात. उच्च तापमानाच्या 'ऑस्टेनाइट' अवस्थेत रिकव्हरी मंद असते, म्हणून दुसरा मार्ग प्रभावी ठरतो.

सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या वर नवे कण झपाट्याने तयार होतात. परंतु उष्णता अतिरिक्त झाल्यास तेच कण वाढून जाड होतात. तापमान उतरले की पुनःस्फटिकीभवन रेंगाळते. किंचित नायोबियम मिसळल्यास ते जवळजवळ थांबते. मग चपटे राहिलेले कण थंड होताना त्यांच्या सीमांवर 'फेराइट'चे अतिशय बारीक कण उमटतात. मात्र लाटणे सुरू असतानाच फेराइट बनू लागले, तर लहानमोठ्या कणांची सरमिसळ होते.

डोलवीच्या पहिल्या गिरणीत ही कसोटी अधिक कठीण आहे. नेहमीचा स्लॅब २०० मिलिमीटरहून जाड असतो. येथे जेमतेम ५०-६० मिलिमीटरचा पातळ स्लॅब ओतून, थंड होऊ न देता, थेट भट्टीतून रुळांकडे जातो. इंधन वाचते, पण ओतीव धातूचे जाड कण मोडण्यासाठी लाटण्याची संधीही कमी मिळते. म्हणून पहिल्या रुळांवरच पुरेसे तापमान आणि भक्कम दाब लागतो. तिथे चूक झाली तर जाड कण शेवटपर्यंत टिकतात आणि पत्र्याचा चिवटपणा घटतो.

स्वयंपाकघरातील गॅसचा सिलिंडर असो वा जमिनीखालची तेलवाहिनी, आघात झाल्यास पत्रा वाकेल की तडकेल, याचा निर्णय काही सेकंदांच्या या तप्त प्रवासात झालेला असतो.