लहरीची तीव्रता कशावर ठरते?

तुंगार्ली धरणाजवळ भर दुपारी उभे राहिलात, तर दोन तऱ्हेच्या लहरी एकाच वेळी तुमच्यापर्यंत पोहोचतात. खाली लोणावळ्यातून येणारा आगगाडीचा भोंगा ही यांत्रिक लहर. ऊन ही विद्युतचुंबकीय लहर. लहरीच्या दिशेला काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला जितकी ऊर्जा पार होते, तिला लहरीची तीव्रता म्हणतात. स्वच्छ उन्हाच्या बाबतीत ती सुमारे १,००० वॅट भरते. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता मात्र एका वॅटचा लाख कोटीवा भाग!

स्टेशनपासूनचे अंतर दुप्पट झाले की भोंग्याची तीव्रता साधारण चौथाईवर येते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर, तेव्हा स्टेशनवरून धरणावर चढून आल्याने त्याला काय फरक पडणार?

आता हमखास गोंधळ उडवणारी गोष्ट पाहू या. पुस्तकात ध्वनीची तीव्रता आयाम आणि वारंवारता या दोहोंच्या वर्गांच्या प्रमाणात दिलेली असते. प्रकाशाच्या सूत्रात फक्त आयामाचा वर्ग. मग वारंवारता गेली कुठे?

भोंग्यामुळे हवेचे कण मागेपुढे हलतात. मध्यस्थितीपासून कण जास्तीत जास्त जितका सरकतो, तो त्याचा आयाम. तेवढेच अंतर सेकंदात दुप्पट वेळा कापायचे तर कणाला दुप्पट वेगाने धावावे लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती चौपट होते. प्रकाशात असा धावणारा कण नाही. तेथे आयाम म्हणजे विद्युतक्षेत्राचे कमाल मूल्य, आणि ऊर्जा असते ती क्षेत्रातच. क्षेत्र सेकंदाला कितीही वेळा दिशा बदलो, कमाल मूल्य तेच असेल तर सरासरी ऊर्जाही तीच. १,००० वॅटचा प्रकाश एकाच रंगाचा मानला, तर हे मूल्य मीटरला सुमारे ८७० व्होल्ट येते. मग रंग तांबडा असो वा जांभळा. जांभळ्याचा एकेक फोटॉन अधिक ऊर्जेचा हे खरे, पण त्याच तीव्रतेला ते संख्येने कमी येतात.

तर मग निसर्गाने दोन लहरींना दोन नियम लावले काय? फरक नियमात नाही, ‘आयाम’ या शब्दात आहे. ध्वनीचा आयाम कणाच्या सरकण्याऐवजी हवेच्या दाबातील कमाल चढउताराने मोजा. हा चढउतार कणाच्या वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वारंवारता त्यात आधीच येऊन बसलेली असते. मग त्याच हवेत ध्वनीची तीव्रताही केवळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते, अगदी प्रकाशासारखी. सामान्य मायक्रोफोन दाबच टिपतो. त्यामुळे ध्वनी मोजणारी मंडळी कणाच्या सरकण्याच्या वाटेला फारशी जात नाहीत.