सामायिक सर्व्हरवरील वेब-स्क्रिप्ट आणि वापरकर्त्याची ओळख : एक विवेचन

सारांश : एकाच सर्व्हरवर अनेक विभागांची संकेतस्थळे असतात तेव्हा त्यांच्या स्क्रिप्ट्स कोणत्या खात्याच्या नावाने चालतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माहितीची गोपनीयता आणि चुकीची जबाबदारी या दोन्ही बाबी मात्र त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सामायिक सर्व्हर, वापरकर्ता खाते, परवानगी, सुएक्झेक, पीएचपी-एफपीएम.

१. प्रस्तावना

एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर मराठी विभागाचे भित्तिपत्रक, रसायनशास्त्र विभागाची साहित्यनोंद आणि परीक्षा विभागाची गुणनोंद अशी तीन संकेतस्थळे आहेत, असे मानू. प्रत्येक विभागाचे खाते व पासवर्ड वेगळा आहे. त्यामुळे एका विभागाची माहिती दुसऱ्यास दिसणार नाही, असा आपला समज होतो. पुष्कळ ठिकाणी हा समज चुकीचा ठरतो.

२. परवानगीची मूळ व्यवस्था

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे यांच्या परवानग्या स्वतंत्रपणे ठरविता येतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक असून त्यांच्या बेरजेतून परवानगीचा आकडा तयार होतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व मोकळीक. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रामही कोणत्या तरी खात्याच्या नावानेच चालतो. त्या खात्याला जे करता येते तेच प्रोग्रामला करता येते.

३. प्रश्नाचे स्वरूप

अपॅची हा वेब सर्व्हर ८० क्रमांकाचे पोर्ट उघडण्यासाठी 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने सुरू होतो. वाचकांच्या विनंत्या हाताळणाऱ्या त्याच्या प्रक्रिया मात्र कमी अधिकारांच्या खात्याने चालतात. डेबियनमध्ये या खात्याचे नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असे आहे. पीएचपी ही भाषा अपॅचीचा अंतर्गत भाग म्हणून बसविल्यास तिन्ही विभागांच्या स्क्रिप्ट्स याच एका खात्याने चालतात.

याचे परिणाम गंभीर आहेत. परीक्षा विभागाच्या स्क्रिप्टला डेटाबेसचा पासवर्ड वाचता यावा म्हणून पासवर्डची फाइल या सामायिक खात्यास वाचण्यायोग्य ठेवावी लागते. साहजिकच भित्तिपत्रकाच्या स्क्रिप्टलाही ती वाचता येते. भित्तिपत्रकात विद्यार्थ्याने लिहिलेल्या सदोष स्क्रिप्टमधून कोणी बाहेरचा शिरला, तर गुणनोंदीपर्यंत त्याचा मार्ग मोकळा होतो. चित्रे चढविण्यासाठी फोल्डरला ७७७ परवानगी देण्याचा प्रघातही याच अडचणीतून पडला. शिवाय स्क्रिप्टने निर्माण केलेल्या फाइलचा मालक सामायिक खाते असल्याने ती कोणत्या विभागाच्या स्क्रिप्टने लिहिली, हे मालकाच्या नावावरून कळत नाही. अशा वेळी निरपराध सहकाऱ्यावर संशय येऊ शकतो.

४. उपायांचा विकास

पीएचपीतील 'सेफ मोड' ही सोय स्क्रिप्टचा मालक व ती उघडू पाहत असलेल्या फाइलचा मालक एकच आहे काय, हे तपासत असे. परंतु ही तपासणी भाषेच्या पातळीवर होती. त्याच सर्व्हरवरील पर्लच्या स्क्रिप्टला ती लागू नव्हती. २००९ मधील ५.३ आवृत्तीत ती कालबाह्य ठरविण्यात आली आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

तुलनेने भक्कम उपाय अपॅचीच्या १.२ या आवृत्तीत, १९९७ मध्ये आला होता. सुएक्झेक हा छोटा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने सुरू होतो, ठराविक अटी तपासतो आणि नंतर संबंधित वापरकर्त्याची ओळख धारण करून सीजीआय पद्धतीची स्क्रिप्ट चालवितो. स्क्रिप्टचा मालक तोच वापरकर्ता असावा, ती नेमून दिलेल्या जागेतच असावी, ती व तिचे फोल्डर यांत इतर कोणास लिहिता येऊ नये, या त्यांपैकी प्रमुख अटी होत. ७७७ परवानगी असलेली स्क्रिप्ट सुएक्झेक चालवीत नाही. नवख्या वापरकर्त्यास हा बिघाड वाटतो. वस्तुतः ते संरक्षण असते. नकाराचे कारण सुएक्झेकच्या नोंदवहीत सापडते.

सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होत असल्याने सर्व्हरवरील भार वाढतो. २०१० मध्ये ५.३.३ आवृत्तीपासून पीएचपीत समाविष्ट झालेल्या पीएचपी-एफपीएमने ही अडचण दूर केली. यात प्रत्येक विभागासाठी प्रक्रियांचा स्वतंत्र संच त्या विभागाच्या खात्याने चालविता येतो व त्याच प्रक्रिया पुढील विनंत्यांसाठी वापरल्या जातात. संचातील प्रक्रियांची कमाल संख्याही ठरविता येते.

५. लाभ व मर्यादा

या व्यवस्थेत पासवर्डची फाइल ६०० परवानगीने ठेवता येते, म्हणजे रूट वगळता मालकाखेरीज कोणासही ती वाचता येत नाही. ७७७ ची गरज उरत नाही. निर्माण झालेल्या फाइलवर संबंधित विभागाचेच नाव राहते.

एक मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे. स्क्रिप्ट आता मालकाच्या पूर्ण अधिकाराने चालते. तिच्यात दोष असल्यास त्या विभागाची सर्व पाने बदलली वा पुसली जाऊ शकतात. शेजाऱ्याचे नुकसान टळते. स्वतःचे टळेलच असे नाही. म्हणून स्क्रिप्टची तपासणी, वेळोवेळी अद्ययावत करणे आणि वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवणे आवश्यकच राहते.

६. निष्कर्ष

सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या निबंधात मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व असे की, प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. स्क्रिप्ट्स स्वतंत्र खात्यांनी चालविणे हे त्या तत्त्वाचेच उपयोजन होय. विद्यार्थ्यांचे गुण व वैयक्तिक माहिती ज्या सर्व्हरवर आहे, तेथे 'आमची स्क्रिप्ट कोणाच्या नावाने चालते?' हा प्रश्न संगणक विभागाइतकाच परीक्षा विभागाने आणि प्रत्येक विभागप्रमुखानेही विचारला पाहिजे.