वसतिगृहाचं दार आणि अठरा वर्षांचं वय

शाळेत शिक्षक पालकांच्या जागी असतात, हे आपण मान्य करतो. पण अठरा पूर्ण झाली की विद्यार्थी कायद्यानं सज्ञान. तरी कॉलेजात शाळेचीच घंटा वाजत राहते.

वाराणसीचं बनारस हिंदू विद्यापीठ घ्या. 21 सप्टेंबर 2017 च्या संध्याकाळी आवारात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. तक्रारीवर ‘एवढ्या उशिरा बाहेर कशाला?’ असं तिलाच ऐकवलं, हा मुलींचा आरोप. उशीर म्हणजे किती? साडेसहाच्या सुमारास! मुली सिंहद्वारापाशी धरणं धरून बसल्या. 23 च्या रात्री लाठीमार झाला.

मला खटकतं ते वेगळंच. लैंगिक छळाविरुद्धच्या यूजीसीच्या 2015 च्या नियमांतच लिहिलंय, की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत.

2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं संध्याकाळी 6 ते 10 मोबाइल न देणाऱ्या वसतिगृहाला, काढून टाकलेली विद्यार्थिनी परत घ्यायला लावली. न्यायालयानं शिस्त नाकारली नाही बरं का. सज्ञान मुलीनं फोन कधी वापरायचा ते तिला ठरवू द्या, एवढंच म्हटलं.

तुमच्या कॉलेजातल्या मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांच्या नियमावल्या शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर लेखी विचारा, आणि पोच घ्या.