‘आवर्ती पूर’ : एक शब्दयोजना आणि तिचे नगरशासनावरील परिणाम

पक्षभेद तीव्र झाला म्हणजे एखादी संज्ञा वापरणे वा टाळणे हीच पक्षनिष्ठेची खूण ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘हवामानबदल’ ह्या संज्ञेची आज अशीच अवस्था आहे. ती टाळून तेथील काही नगरे आपले काम कसे चालवितात, आणि त्यापायी काय गमावतात, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने २०१२ साली किनारी प्रदेशातील पुरांचा अभ्यास करविण्याचे ठरविले. ‘समुद्रपातळीतील वाढ’ हा डाव्यांचा शब्दप्रयोग होय, असे क्रिस स्टोल ह्या रिपब्लिकन सभासदांचे मत होते. तेव्हा त्याऐवजी ‘आवर्ती पूर’ अशी शब्दयोजना झाली आणि मार्ग मोकळा झाला. २०१३ च्या अहवालाच्या शीर्षकात हीच संज्ञा आहे. आतील विवेचन मात्र बव्हंशी समुद्रपातळीचेच आहे! नॉरफोक नगरास ह्या अभ्यासाची निकड होती. तेथे समुद्र चढत आहे आणि जमीनही खचत आहे. परिणामी पाण्याची पातळी शतकात सुमारे दीड फुटाने वाढली आहे.

फ्लॉरिडा राज्यातील मायामीची अडचण निराळी. ते नगर सच्छिद्र चुनखडीवर वसलेले असल्याने भरतीचे पाणी जमिनीखालूनही वर येते. केवळ किनाऱ्यावर भिंत बांधून भागत नाही. ब्रॉवर्ड, मायामी-डेड, मन्रो व पाम बीच ह्या चार काउंट्यांनी २०१० साली परस्परांशी करार केला. समुद्रपातळी २००० सालच्या मानाने २०४० पर्यंत १० ते १७ इंच वाढेल, असे त्यांचे २०१९ चे अनुमान आहे. मायामीचे महापौर तोमास रेगालादो हे रिपब्लिकन; त्यांच्याच कारकीर्दीत, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मतदारांनी ४० कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस संमती दिली. त्यांपैकी सुमारे १९ कोटी पूरनिवारणासाठी होते.

येथवर शब्दबदल फलदायी ठरला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ‘पूर’ ही संज्ञा केवळ परिणामवाचक आहे. मराठीतही पूर ‘येतो’. तो कोणी ‘आणीत’ नाही. ‘बदलणे’ ह्या क्रियापदाचे तसे नाही. हवामान बदलते, आणि आपण ते बदलतोही; त्या रूपात कर्त्यास निदान जागा आहे. ‘आवर्ती पूर’ म्हणताच ती जागा नाहीशी होते, आणि कारणाचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. पुरापासून बचाव करण्यासाठी स्थानिक शासनांस अनुदान देणारी योजना फ्लॉरिडाने २०२१ साली कायद्याने सुरू केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, इंधनाच्या प्रकारावर निर्बंध घालण्याचा स्थानिक शासनांचा अधिकार काढून घेण्यात आला. पुढे २०२४ साली राज्याच्या ऊर्जाविषयक कायद्यांतून ‘हवामानबदला’चे बहुतेक उल्लेख वगळण्यात आले. आज मायामीस पाणी उपसणारे पंप बसविण्यासाठी राज्याकडे पैसा मागता येतो. नव्या इमारतींस नैसर्गिक वायूची जोडणी मात्र नाकारता येत नाही.