ई-स्कूटर रात्री चार्ज करता की दुपारी?

पेट्रोलची स्कूटर विकून ई-स्कूटर घेतली की प्रदूषण संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात धूर पूर्ण थांबत नाही. त्यातला काही कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांच्या चिमणीतून बाहेर पडतो.

हिशेब काय सांगतो?
एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी स्कूटर १०० किलोमीटरमागे साधारण ५ किलो सोडते. ई-स्कूटरला तेवढ्या अंतरासाठी साडेतीन युनिट वीज धरली, तर देशातील सरासरी विजेनुसार हा आकडा अडीच किलोच्या आसपास येतो. निव्वळ कोळशाच्या विजेवर मात्र तो साडेतीन किलोपर्यंत चढतो.

वेळेने फरक का पडतो?
दुपारी ग्रीडमध्ये सौरवीज असते. सूर्य मावळला की भार पुन्हा कोळशावर जातो. महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत दरात सवलतही आहे.

काय करता येईल?
• सुटीच्या दिवशी किंवा ऑफिसात सोय असल्यास दिवसाच चार्जिंग करा.
• स्वतःचे छत असल्यास पीएम सूर्यघर योजनेत सौर पॅनेलसाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते.
• रात्रीचा एसी २४ अंशांवर ठेवा. एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.
• फ्लॅटमध्ये राहत असाल, तर पार्किंगमधील चार्जिंग पॉइंटचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडा.