रूळ मात्र भंगारात

२००९ मधल्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी नळाची तोटी शोधत होतो. ताडपत्रीवर रिमोट, चष्म्याच्या काड्या, कुलपं नसलेल्या किल्ल्या असा सगळा संसार मांडलेला, आणि त्यात एक वीतभरही नसलेलं काळं इंजिन कुशीवर पडलेलं. चारशे सांगितले, दीडशेला सुटलं. ‘चालत नाय साहेब, शोकेसमध्ये ठेवा,’ असं विकणाऱ्यानंच सांगितलं. तोटी राहिलीच.

त्यावर नुसतं ‘ट्राय-अँग’ असं नाव होतं. ट्राय-अँगच्या मालकांनी १९६४ साली हॉर्नबी गाड्या बनवणारी मेकॅनो कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षापासून दोन्ही नावं जोडून माल येऊ लागला. म्हणजे माझं इंजिन बहुधा त्याच्या आधीचं, माझ्याहून वयानं थोडं मोठंच. रेल्वेच्या छोट्या गाड्यांबद्दल मला तेव्हा इतकंच ठाऊक होतं की कोथरूडात भाऊ जोशी यांचं संग्रहालय आहे आणि शाळेच्या सहलीत मुलगी ते बघून आली आहे.

इंजिन सहा महिने कपाटात पडून होतं. मग एकदा बुधवार पेठेत पंख्याची मोटर रिवाइंडिंगला टाकायला गेलो, तेव्हा खिशातून तेही बाहेर काढलं. कारागिरानं मीटर लावला आणि म्हणाला, ‘मोटर जिवंत आहे. धुऊन घ्या.’ पैसे घेतले नाहीत. पुढची पंधरा वर्षं मी हेच एक वाक्य उलटसुलट वापरत आलो आहे.

ती मोटर उघडीच असते. बाजूला आवळलेला लोहचुंबक, मध्ये आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या तीन पट्ट्यांचा कम्युटेटर. त्यावर दोन्ही बाजूंनी दोन इवलेसे कार्बन टेकलेले, आणि त्यांना दाबून धरणारी चिमट्यासारखी एकच स्प्रिंग. पट्ट्यांच्या तीन फटींमध्ये काळी पेस्ट भरली होती. तेल, कार्बनची भुकटी आणि सतरंजीचा कापूस वर्षानुवर्षं एकत्र मुरले की ती तयार होते. फटी टूथपिकनं कोरल्या, तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, चाकांच्या आसाभोवती गुंडाळलेला लांब केस चिमट्यानं ओढून काढला. कोणाचा होता कोण जाणे. सगळं परत बसवलं, नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या, ठिणगी उडाली आणि बॅटरी गरम झाली. इंजिन जागचं हललं नाही.

चूक कळायला आठवडा गेला. त्या स्प्रिंगच्या एकाच पायात प्लास्टिकची बारीक नळी असते, तांदळाच्या दाण्याएवढी. ती नसली तर दोन्ही कार्बन स्प्रिंगमधून एकमेकांना जोडले जातात आणि शॉर्ट होतो. साफ करताना मी ती कचरा समजून फुंकून टाकली होती. टेलिफोनच्या वायरीचं आवरण कापून नवी नळी केली आणि इंजिन टेबलावरून थेट माझ्या मांडीवर आलं.

त्यानंतर व्यसनच लागलं. पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईला काम निघालं तर चोरबाजार, आणि ओळखीतल्यांचे माळे. हा माल इथे येतो कुठून, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. उत्तर साधं आहे. साठ-सत्तरच्या दशकात कोणाचे तरी काका जर्मनीला नाहीतर इंग्लंडला नोकरीला गेले, येताना पुतण्यासाठी खोकं घेऊन आले. पुतण्याला हात लावू दिला नाही, कारण फॉरेनची वस्तू. मग वाडा पाडून इमारत झाली, किंवा इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, की माळा रिकामा होतो. २०१२ ते २०१९ हा माझा सुगीचा काळ, आणि त्याचं श्रेय बिल्डरांना आहे.

बहुतेक इंजिनं खराब झालेली नव्हतीच. त्यांना मायेनं मारलेलं होतं. ‘चालत नाही, थोडं तेल सोड’ हा आपला घरगुती उपाय, मग शिलाई मशीनचं तेल थेंबाथेंबानं नव्हे तर धारेनं. एका गाडीला तर खोबरेलाचा वास येत होता. ती उन्हाळ्यात कुरकुरत चालायची आणि डिसेंबरात ठप्प. थिजलेलं तेल गिअरच्या दात्यांत मेणासारखं बसलेलं स्वच्छ दिसत होतं. मूळ कार्बन झिजले असतील तर मिक्सरचा कार्बन पॉलिश पेपरवर घासून त्या मापाचा करतो, चालतो. चाकांवरच्या रबरी कड्या कडक होऊन तुटलेल्या असतात, त्या लेस्टरला राहणारा भाचा दर दिवाळीला पाकिटातून आणतो.

माझ्या हातूनही पापं झाली. अमेरिकेहून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर तळाचं लेबल न वाचता भिंतीत लावला. तो एकशे वीस व्होल्टचा होता, आपल्याकडे दोनशे तीस. घरात दोन दिवस वास होता. एका डब्यावरचा डाग काढायला बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं, तर छप्परच विरघळलं. अडलेल्या गाडीला करंट देत राहिलो आणि आर्मेचर जाळलं. दोन इंजिनं मात्र कोणालाच वाचवता आली नसती. जस्ताच्या ओतकामात शिशासारखी भेसळ राहिली की धातू आतल्या आत फुगतो, तडकतो. हातात घेतलं तर बिस्किटासारखा तुकडा पडतो. हे बाजारातच ओळखता येतं. सांगाडा किंचित वाकडा दिसला, बारीक भेगांचं जाळं दिसलं, तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

२०१६ ची गोष्ट सांगायलाच हवी. चोरबाजारात हिरवं विजेचं इंजिन, हाताला चांगलं जड. बॅटरीच्या वायरी डाव्या-उजव्या चाकांना लावल्या तर नुसती ठिणगी. शॉर्ट समजून ठेवून दिलं. परतीच्या गाडीत कर्जतला वडा खाताना आठवलं, पोटाखाली लांब पट्टी होती. ते मर्क्लिन होतं. त्या जर्मन पद्धतीत दोन्ही चाकं एकाच तारेला, दुसरी तार रुळांच्या मधोमध, आणि ती पट्टी त्यावर घसरत जाते. आठ दिवसांनी मुद्दाम गेलो, तिथेच होतं. बाराशेला घेतलं. एक वायर पट्टीला, एक चाकाला लावली तशी चाकं कण्हत फिरली. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

२०२० मध्ये बाजार बंद पडले. ते उघडल्यावर पूर्वीची मजा राहिली नाही. आता विक्रेताच मोबाइलवर परदेशातली किंमत काढून दाखवतो, तीही न वापरलेल्या, खोक्यातल्या मालाची.

पंधरा वर्षांत तेवीस इंजिनं झाली, त्यांतली एकोणीस चालतात. या सगळ्यांवर मिळून जितका खर्च झाला, त्याहून जास्त रुळांवर झाला आहे. कारण माळा आवरताना इंजिन कोणीतरी बाजूला काढतंच, ते गोड दिसतं. रूळ मात्र पत्र्याच्या पट्ट्या म्हणून किलोवर जातात. जे हाती लागतात त्यांतले लोखंडी एका पावसाळ्यात गंजतात. म्हणून खिशात चुंबक ठेवतो. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुधा निकेल सिल्व्हर, आणि ते सांगतील त्या भावानं घेतो.

हिरव्या मर्क्लिनला मात्र अजून रूळच नाहीत. ते आठ वर्षं बॅटरीवर जागच्या जागी फिरतंय. तुमच्या माळ्यावर पत्र्याचे, मधोमध बारीक ठिपक्यांची रांग असलेले रूळ निघाले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी निदान रविवारी जुन्या बाजारात आणा.