घरची बोली आणि मुलाचं बोलणं

रत्नागिरीतल्या एखाद्या बालवाडीत पोर ‘पानी’ म्हणालं, की बाई तिथल्या तिथे सुधारतात आणि न्यायला आलेली आई ओशाळते. खरं तर ओशाळावं असं त्यात काही नसतं.

बोली म्हणजे अशुद्ध मराठी, हा सगळ्यात जुना गैरसमज. त्या पोराचं बोलणं जरा कान देऊन ऐका. ‘पानी’ म्हणणारं ते पोर ‘लोनी’, ‘दाना’, ‘कोन’ असंच म्हणतं. ‘ण’च्या जागी ‘न’ हा त्याच्या घरातला नियम आहे आणि तो ते चोख पाळतं. चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी या कोकणातल्या बोलींची वेगळी नोंद आहे. पुण्याकडची बोली प्रमाण ठरली ती राजसत्तेमुळे, छापखान्यांमुळे आणि शाळाखात्यामुळे. तिचं व्याकरण सरस होतं म्हणून नव्हे.

कानावर दोन-तीन भाषा पडल्या की मूल उशिरा बोलतं, असंही सर्रास सांगितलं जातं. मग रत्नागिरीतली अर्धी मुलं मुकीच राहायला हवी होती! घरी कोकणी मुसलमानांची बोली, शाळेत उर्दू, मासळीबाजारात मराठी. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलाला तर नेपाळी, हिंदी आणि मराठी. अशी मुलंही इतरांसारखीच वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतात आणि दोनच्या सुमारास दोन शब्द जोडतात. घोळ होतो तो मोजण्यात. एका भाषेतले तीस आणि दुसरीतले वीस शब्द येत असतील, तर ते मूल पन्नास शब्दांचं धनी असतं. आपण तीसच धरतो. एकाच वाक्यात दोन भाषांची सरमिसळ करणं हाही दोष नाही. मोठी माणसं ते दिवसभर करतात.

या दोन गैरसमजांनी मुलाला फार तर कमीपणा येतो. तिसरा खरोखर घातक आहे: ‘आमच्याकडे असंच बोलतात’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं म्हणून खरी अडचण झाकणं. पाच वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणत असेल, तर घरात मोठं कुणी तसं बोलतं का, एवढं पाहा. कुणीच बोलत नसेल, तर ती बोली नव्हे. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जुळत नसतील किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणं हे उशिरा बोलण्याचं एक मोठं कारण आहे आणि ते वरून दिसत नाही.

‘घरी फक्त शाळेची भाषा बोला’ हा सल्ला मात्र मानू नका. आजीला प्रमाण मराठीत बोलायला लावलं, तर आजी गप्प बसते आणि मुलाच्या कानावर पडणारे शब्दच कमी होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. प्रमाण मराठी मूल शाळेत शिकेलच, घरची बोली न सोडता.

वाचातज्ज्ञाकडे जाताना जमलं तर त्या आजीलाही बरोबर न्या, आणि घरात कोण कसं बोलतं ते तपासणीआधीच सांगा.